वाचकांचे प्रश्न : किमतीशिवाय चालणारे बाजार

गेल्या अंकात अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारांचा आढावा घेताना ॲल्विन रॉथ यांच्याविषयी आम्ही मोजक्याच ओळी लिहिल्या होत्या. गेम थिअरीचा हा अभ्यासक डॉक्टरांच्या नेमणुका, शाळाप्रवेश आणि मूत्रपिंडांची अदलाबदल यांचे नियम तयार करतो आणि त्या कामासाठी २०१२ साली लॉइड शॅपली यांच्यासह त्यांना हा पुरस्कार मिळाला, एवढाच त्यांचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बाजार मागणी आणि पुरवठा यांतून आपोआप उभा राहतो, असे आम्ही शिकलो. मग एखादा अर्थतज्ज्ञ तो ‘रचतो’ म्हणजे नेमके काय करतो? आणि गेम थिअरीसारख्या गणिती विषयाचा त्यात संबंध कोठे येतो?

उत्तर : पाठ्यपुस्तकातील बाजारात निवाडा किंमत करते. गव्हाचे पोते कोणत्या शेतातून आले याच्याशी घेणाऱ्याला आणि ते कोणाच्या घरी जाणार याच्याशी विकणाऱ्याला काही देणेघेणे नसते. भाव जुळला की व्यवहार संपतो. परंतु नोकरी, प्रवेश, अवयवदान अशा अनेक व्यवहारांत दोन्ही बाजूंना समोरचा कोण आहे याची फिकीर असते. जागांइतकेच अर्जदार उरावेत म्हणून कोणतेही रुग्णालय निवासी डॉक्टरांचे वेतन कमी कमी करत जात नाही. तेथे नुसते निवडून भागत नाही, आपलीही निवड व्हावी लागते. अशा व्यवहारांत कोणी कधी विचारायचे, उत्तराला किती मुदत द्यायची, दिलेला शब्द मोडता येतो की नाही, हे नियमच किमतीचे काम करतात. ते नियम कोणी तरी ठरवलेले असतात. मात्र ते विचारपूर्वक ठरवलेले असतातच असे नाही.

प्रत्येक जण इतरांच्या संभाव्य चाली लक्षात घेऊन स्वतःची चाल ठरवतो, तेव्हा काय घडते याचा अभ्यास म्हणजे गेम थिअरी. नियम ठाऊक असतील तर माणसे कशी वागतील याचा अंदाज तिच्या आधारे बांधता येतो. बाजाररचनेत हाच प्रश्न उलट दिशेने विचारला जातो : अमुक परिणाम हवा असेल, तर कोणते नियम ठेवले म्हणजे माणसे आपापल्या स्वार्थाने वागूनही तो परिणाम साधेल?

रॉथ यांचे शिक्षण या प्रश्नाला साजेसेच होते. १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या रॉथ यांनी माध्यमिक शाळा पदविका न घेताच सोडली आणि ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९७१ साली त्यांनी तेथे पदवी घेतली आणि १९७४ साली स्टॅनफर्डमधून डॉक्टरेट मिळवली. दोन्ही ठिकाणी त्यांचा विषय अर्थशास्त्र नव्हता, तर ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे प्रत्यक्ष कामकाजाचे गणिताने नियोजन करण्याचे शास्त्र होता. पुढे इलिनॉय, पिट्सबर्ग, हार्वर्ड आणि पुन्हा स्टॅनफर्ड असा त्यांच्या अध्यापनाचा प्रवास झाला. यंत्र का चालते हे जाणण्याइतकीच ते का बिघडते हे शोधण्याची ओढ त्यांच्या सर्व लेखनात दिसते आणि तिचे मूळ या शिक्षणात असावे, असे मला वाटते.

प्रश्न : अमेरिकेत डॉक्टरांच्या नेमणुकांची पद्धत रॉथ यांनी शोधून काढली, असे एका ठिकाणी वाचले. दुसऱ्या ठिकाणी तीच पद्धत १९५२ सालापासून चालू असल्याचे वाचले. यांतले खरे कोणते?

उत्तर : दुसरे विधान खरे आहे. रॉथ यांचे मोठेपण समजून घ्यायचे असेल तर हा घोळ आधी सोडवला पाहिजे.

अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर रुग्णालयात उमेदवारी करण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. जागा जास्त आणि विद्यार्थी कमी, अशी तेव्हाची स्थिती होती. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने पळवू नये म्हणून रुग्णालये इतरांच्या थोडे आधी नेमणूक करू लागली, मग इतरही आधी करू लागले आणि १९४० च्या दशकात नेमणुका पदवीच्या सुमारे दोन वर्षे आधी होऊ लागल्या. जो विद्यार्थी अजून रुग्णशय्येजवळ पुरेसा उभाही राहिलेला नाही, त्याची पारख करायची कशी? अखेर १९४५ साली वैद्यकीय महाविद्यालयांनी ठराविक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांची माहिती रुग्णालयांना न देण्याचे ठरवले. त्याने घाई थांबली, पण अडचणीने जागा बदलली. नेमणुकीचे पत्र हाती आलेला, परंतु अधिक पसंतीच्या रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीवर असलेला विद्यार्थी शेवटच्या क्षणापर्यंत उत्तर लांबवू लागला आणि त्याने नकार दिला की ती जागा भरायला रुग्णालयाकडे वेळ उरेनासा झाला. म्हणून विचाराची मुदत वर्षागणिक आखडत गेली. १९४५ साली ती दहा दिवसांची होती. १९४९ साली मध्यरात्री तार पाठवावी आणि दुपारी बारापर्यंत उत्तर घ्यावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा बारा तासांची मुदतही फार मोठी आहे म्हणून रुग्णालयांच्या संघटनेने ती फेटाळली.

या टोकाला पोहोचल्यावर त्या व्यवसायातील लोकांनीच मध्यवर्ती जुळणीची यंत्रणा उभी केली. विद्यार्थी आणि रुग्णालये यांनी आपापले पसंतीक्रम पाठवायचे आणि एका ठरलेल्या पद्धतीने सर्व जुळण्या एकदम लावायच्या. पहिल्या आराखड्यातील पद्धतीवर विद्यार्थ्यांनी हरकत घेतली, ती बदलली गेली आणि १९५२ पासून बदललेली पद्धत लागू झाली.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९६२ साली, डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी एका छोटेखानी निबंधात अशा जुळणीचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला. त्यांची पद्धत अशी : एका बाजूच्या प्रत्येकाने आपल्या यादीतील पहिल्या पसंतीला विचारणा करायची. समोरच्याने आलेल्यांपैकी सर्वांत पसंतीच्यांना जागांच्या मर्यादेत फक्त तात्पुरते राखून ठेवायचे आणि बाकीच्यांना नकार द्यायचा. नकार मिळालेल्यांनी पुढच्या पसंतीकडे जायचे. तेथे ते आधी राखलेल्यापेक्षा सरस ठरले तर आधीच्याला बाजूला सारले जाते. कोणीही नव्याने विचारणा करेनासा झाला की सर्व तात्पुरत्या स्वीकृती कायम होतात. यातून लागणारी जुळणी स्थिर असते. म्हणजे ‘मला हा मिळाला, पण तो अधिक हवा होता, आणि त्यालाही त्याच्या वाट्याला आलेल्यापेक्षा मी अधिक हवा होतो’ असे म्हणू शकणारी एकही जोडी उरत नाही. तशी जोडी उरली, तर ते दोघे यंत्रणेला वळसा घालून परस्पर जमवून घेणार, हे उघड आहे.

रॉथ यांनी १९८४ साली दाखवून दिले की, १९५२ पासून चालू असलेली पद्धत आणि गेल-शॅपली यांची पद्धत (रुग्णालयांनी विचारणा करायची, या स्वरूपातील) यांतून एकच जुळणी निघते. एकीकडे रुग्णालयांनी अनुभवाने ठेचा खात शोधलेली आणि दुसरीकडे गणितज्ञांनी कागदावर सिद्ध केलेली गोष्ट एकच होती आणि बावीस वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

तरीही ती यंत्रणा स्थिरतेमुळेच टिकली की निव्वळ योगायोगाने, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर रॉथ यांना ब्रिटनमध्ये सापडले. तेथे १९६० च्या दशकात वेगवेगळ्या विभागांनी नवोदित डॉक्टरांसाठी वेगवेगळ्या जुळणीपद्धती लागू केल्या होत्या. एडिंबरा आणि कार्डिफ येथील पद्धती स्थिर जुळणी देत होत्या आणि त्या टिकल्या. न्यूकॅसल आणि बर्मिंगहॅम येथे दोन्ही बाजूंच्या क्रमांकांचा गुणाकार करून प्राधान्य ठरवले जाई. ऐकायला हे न्याय्य वाटते, पण त्यातून अस्थिर जुळण्या निघत. लोक आधीच खासगीत ठरवून एकमेकांचीच नावे यादीत लिहू लागले आणि त्या पद्धती सोडून द्याव्या लागल्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला रॉथ यांच्या साऱ्या कामात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण प्रमेय खरे आहे यापेक्षा प्रमेयात सांगितलेला गुण माणसांच्या व्यवहारात खरोखर वजन राखतो, हे त्याने दाखवले. पुढे प्रयोगशाळेतही, जॉन केगल यांच्यासह, त्यांनी हीच गोष्ट तपासून पाहिली.

प्रश्न : पद्धत चांगली चालली होती, तर १९९० च्या दशकात ती नव्याने का करावी लागली? नवरा-बायको दोघेही डॉक्टर असतील तर त्यांना एकाच गावात नेमणूक मिळवून देणे एवढे अवघड का असावे?

उत्तर : १९५० च्या दशकात अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रिया अगदी थोड्या होत्या, १९७० च्या दशकात त्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि एकाच वर्षी पदवी घेणारी जोडपीही वाढली. यंत्रणेने सुरुवातीला एक सोय केली. जोडप्याने दोघांपैकी एकाला मुख्य ठरवायचे, त्याची जुळणी आधी लावायची आणि मग दुसऱ्याच्या यादीतून त्या परिसराबाहेरच्या जागा वगळायच्या. जोडप्यांनी या सोयीकडे पाठ फिरवली आणि ती रुग्णालयांशी थेट बोलू लागली. कारण उघड आहे. जोडप्याची पसंती दोन जागांच्या जोडीविषयी असते. एकाला उत्तम आणि दुसऱ्याला टाकाऊ जागा देणारी जुळणी त्यांच्या लेखी अस्थिरच असते. १९८३ पासून त्यांना जागांच्या जोड्यांचा पसंतीक्रम देता येऊ लागला.

परंतु येथे गणिताने पाय मागे घेतला. जोडपी असतील तर स्थिर जुळणी अस्तित्वातच नसण्याची शक्यता असते, हे रॉथ यांनी १९८४ च्या त्याच निबंधात दाखवले होते. एक छोटे उदाहरण करून पाहण्यासारखे आहे. समजा, क्ष आणि य या दोन रुग्णालयांत एकेकच जागा आहे. एका जोडप्याला पत्नी क्ष मध्ये आणि पती य मध्ये एवढेच चालणार आहे, अन्यथा काहीच नको. तिसरा उमेदवार एकटा आहे. त्याला क्ष अधिक आवडते, पण य देखील चालेल. क्ष ला एकट्या उमेदवारापेक्षा पत्नी हवी आहे, तर य ला पतीपेक्षा एकटा उमेदवार हवा आहे. जोडप्याला दोन्ही जागा दिल्या, तर रिकाम्या हाताने राहिलेला उमेदवार आणि य एकमेकांना गाठतात. त्याला य दिले, तर क्ष रिकामे राहते आणि तो तिकडे जातो. त्याला क्ष दिले, तर य रिकामे राहते आणि जोडपे दोन्ही जागा मागते, ज्याला दोन्ही रुग्णालये आनंदाने मान्यता देतात. तिन्ही जुळण्या मोडतात आणि चौथी शिल्लकच नाही.

१९९५ साली जुळणी यंत्रणेच्या व्यवस्थापनाने रॉथ यांना नवी पद्धत तयार करण्यास सांगितले. विद्यार्थ्यांच्या मनात एक वेगळा संशयही होता : जुनी पद्धत रुग्णालयांच्या बाजूने झुकलेली आहे का? सिद्धान्ताप्रमाणे विचारणा करणाऱ्या बाजूला तिला शक्य असलेली सर्वांत चांगली स्थिर जुळणी मिळते, त्यामुळे हा संशय अनाठायी नव्हता. रॉथ आणि संगणकतज्ज्ञ इलियट पेरॅनसन यांनी जी पद्धत बसवली तीत विद्यार्थी विचारणा करतात, जोडपी एकामागून एक सामावून घेतली जातात आणि एखाद्या जोडप्यामुळे आधीची जुळणी मोडली तर ती जागच्या जागी दुरुस्त केली जाते. जुन्या वर्षांच्या प्रत्यक्ष याद्यांवर ती चालवून पाहिली, तेव्हा जुन्या आणि नव्या पद्धतीच्या निकालांत हजारांत साधारण एकाच उमेदवाराला फरक पडतो असे आढळले. स्थिर जुळणी नसण्याची जी भीती सिद्धान्ताने घातली होती, तीही त्या आकडेवारीत प्रत्यक्षात उतरली नाही. उमेदवार हजारोंनी असतात, जोडपी तुलनेने थोडी असतात आणि प्रत्येक जण मोजक्याच रुग्णालयांत मुलाखती देतो, ही त्याची कारणे. १९९८ च्या जुळणीपासून ही पद्धत लागू झाली. मोठ्या बाजारात असे का घडते याची सिद्धता मात्र नंतर आली. फुहितो कोजिमा आणि पराग पाठक यांच्यासह रॉथ यांनी ती २०१३ साली प्रसिद्ध केली.

या अनुभवावर २००२ साली लिहिलेल्या निबंधात रॉथ यांनी अर्थतज्ज्ञाने अभियंत्यासारखे काम करायला शिकले पाहिजे अशी मांडणी केली. सुटसुटीत सिद्धान्त जेथे हात टेकतो तेथे संगणकावरील गणना, प्रयोग आणि त्या क्षेत्राचा इतिहास यांचा आधार घ्यावा, पण सिद्धान्त सोडू नये, अशी ती भूमिका आहे. हे सगळे प्रमेयांची सवय असलेल्या अर्थशास्त्रज्ञांसाठी लिहिलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील धाडस कळते.

प्रश्न : शाळाप्रवेशात पालकांनी खरा पसंतीक्रम लिहिणे हिताचे की थोडा विचार करून ‘मिळण्यासारखी’ शाळा वर लिहिणे हिताचे? रॉथ यांच्या पद्धतीत याचे काय उत्तर आहे?

उत्तर : ते प्रवेशाच्या नियमांवर अवलंबून असते. बॉस्टन शहरात पूर्वी असा नियम होता की, प्रत्येक शाळा आधी तिला पहिली पसंती देणाऱ्यांना कायमचा प्रवेश देई आणि जागा उरल्या तरच दुसरी पसंती देणाऱ्यांकडे वळे. पहिल्या पसंतीची शाळा हुकली, तर दुसऱ्या पसंतीची शाळा एव्हाना भरलेली असे. या नियमात खरे लिहिणारा फसतो. ज्या पालकांना हे ठाऊक होते ते हिशेब करून लिहीत आणि ज्यांना ठाऊक नव्हते त्यांची मुले मागे पडत. अतिला अब्दुल्कादिरोग्लू आणि तैफुन सॉन्मेझ यांनी २००३ साली हा दोष दाखवून दिला. त्यानंतर रॉथ आणि पाठक यांच्यासह त्यांनी शहराच्या अधिकाऱ्यांशी काम केले आणि २००५ साली बॉस्टनने तात्पुरत्या स्वीकृतीची पद्धत स्वीकारली. विद्यार्थ्यांनी विचारणा करायची या स्वरूपात ती चालवली, तर कोणत्याही विद्यार्थ्याला खोटा क्रम लिहून काही मिळवता येत नाही. दोन्ही बाजूंना अशी हमी देणारी स्थिर पद्धत मात्र असू शकत नाही; हे प्रमेय रॉथ यांचेच आहे, १९८२ सालचे.

न्यूयॉर्कची अडचण निराळी होती. तेथे दर वर्षी सुमारे ९०,००० विद्यार्थी माध्यमिक शाळांसाठी अर्ज करत. काहींना एकाहून अधिक शाळांची पत्रे येत, अनेकांना एकही येत नसे, ती पत्रे परत फिरून पुढच्यांना जाईपर्यंत वेळ संपे आणि सुमारे ३०,००० मुलांना त्यांच्या यादीत नसलेल्या शाळेत बसवले जाई. त्यातच शाळांना मुलांनी त्यांना कितवा क्रमांक दिला हे दिसत असे. २००३ साली रॉथ, अब्दुल्कादिरोग्लू आणि पाठक यांच्या मदतीने पद्धत बदलली. मुलांना १२ शाळांपर्यंत क्रम देता येऊ लागला, शाळांना तो दिसेनासा झाला आणि पहिल्याच वर्षी यादीबाहेरच्या शाळेत जाणाऱ्यांची संख्या सुमारे ३,००० वर आली. चांगल्या शाळांची संख्या याने वाढत नाही, हे सांगितलेच पाहिजे. ती वाढवणे हे प्रवेशपद्धतीचे काम नाही आणि तसा आव रॉथ यांनीही आणलेला नाही.

प्रश्न : मूत्रपिंडांचा ‘बाजार’ हा शब्दच अंगावर काटा आणतो. पैसे न देता त्याची अदलाबदल कशी होते? आणि डॉक्टरांच्या या कामात अर्थतज्ज्ञाची गरज का पडावी?

उत्तर : अमेरिकेच्या १९८४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मोबदला घेऊन अवयव देणे हा गुन्हा ठरवला असून त्यासाठी ५०,००० डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. दोन माणसे राजीखुशीने करू इच्छितात असा व्यवहारही समाज त्याज्य का मानतो, यावर रॉथ यांनी २००७ साली स्वतंत्र निबंध लिहिला. असा तिटकारा कितीही अतार्किक वाटला, तरी बाजार रचणाऱ्याने ती खरीखुरी मर्यादा मानून काम करावे, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

आता अदलाबदल. एका रुग्णाचा रक्तगट ए आहे आणि त्याला मूत्रपिंड द्यायला तयार असलेल्या पत्नीचा बी. दुसऱ्या कुटुंबात नेमके उलटे. दोन्ही घरांत दाता आहे, पण उपयोगाचा नाही. दात्यांची अदलाबदल केली की दोघेही रुग्ण वाचतात. ही कल्पना डॉक्टरांचीच होती. १९८६ साली ती मांडली गेली आणि १९९१ साली दक्षिण कोरियात प्रथम प्रत्यक्षात आली. अडचण अशा जोड्या शोधण्याची होती. प्रत्येक रुग्णालयाकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कुटुंबे असत आणि त्यांत परस्परपूरक जोडी सापडणे हा निव्वळ दैवयोग असे.

रॉथ, सॉन्मेझ आणि उत्कू युन्वर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे मूळ शॅपली आणि हर्बर्ट स्कार्फ यांच्या १९७४ च्या निबंधात आहे. प्रत्येकाकडे एकेक घर आहे, पैसा वर्ज्य आहे, तर सर्वांचे समाधान होईल अशी अदलाबदल कशी करावी, हा त्यातील प्रश्न. घराच्या जागी दाता ठेवला की तो वैद्यकीय प्रश्न होतो. मूळ उत्तरात अदलाबदलीचे चक्र कितीही लांब असू शकते. शल्यविशारदांनी ते एका वाक्यात अमान्य केले. एका दात्याने मूत्रपिंड दिल्यावर दुसऱ्याने माघार घेतली, तर त्याच्यावर कायद्याने सक्ती करता येत नाही, कारण अवयव देण्याचा करारच बेकायदा आहे. म्हणून सगळ्या शस्त्रक्रिया एकाच वेळी सुरू व्हायला हव्यात. दोन कुटुंबांच्या अदलाबदलीला चार शस्त्रक्रियागृहे आणि चार पथके लागतात, तीन कुटुंबांना सहा. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आम्हाला दोनच कुटुंबांच्या अदलाबदलींची पद्धत द्या. त्याप्रमाणे तिघांनी नवा निबंध लिहिला आणि २००४ सालीच डॉ. फ्रान्सिस डेलमोनिको यांच्यासह न्यू इंग्लंडमधील १४ प्रत्यारोपण केंद्रांचा संयुक्त कार्यक्रम उभा राहिला.

तीन कुटुंबांच्या अदलाबदलीला परवानगी दिली तर फायदा पुष्कळ वाढतो आणि त्यापुढे फारसा वाढत नाही, हेही त्यांनी दाखवले. त्याचे कारण रक्तगटांत आहे. ओ गटाचा दाता बहुधा आपल्याच रुग्णाला चालतो, त्यामुळे तो अदलाबदलीच्या यादीत क्वचितच येतो, तर ओ गटाचे रुग्ण मात्र त्या यादीत साचत जातात. चुकून आलेला ओ गटाचा एक दाता दोनच्या फेरीत खर्ची घालण्याऐवजी तीनच्या फेरीत वापरला, तर आणखी एक रुग्ण सुटतो.

कायद्याविषयी एक शंका शिल्लक होती : मूत्रपिंडाच्या बदल्यात मूत्रपिंड हाही मोबदलाच नाही का? अमेरिकी काँग्रेसने २००७ च्या अखेरीस दुरुस्ती करून तो मोबदला मानला जाणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षी ओहायोतील टोलीडोचे शल्यविशारद मायकेल रीस यांनी एकाच वेळच्या शस्त्रक्रियांची अट एका विशिष्ट प्रसंगी सैल केली. ज्याचा स्वतःचा कोणीही रुग्ण नाही असा परोपकारी दाता पहिल्या रुग्णाला मूत्रपिंड देतो, त्या रुग्णाचा नातेवाईक दुसऱ्याला, त्याचा तिसऱ्याला. येथे मध्येच कोणी माघार घेतली, तरी पुढच्या कुटुंबाने अजून आपले मूत्रपिंड दिलेले नसते. त्यांची आशा भंगते, पण हातचे काही जात नाही. अशा साखळीतील दहा प्रत्यारोपणांची हकिगत रीस, रॉथ आणि इतरांनी २००९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली. अशा साखळ्या पुढे अमेरिकेतील अदलाबदलीचा मुख्य मार्ग झाल्या.

अर्थतज्ज्ञ का हवा, याचे उत्तर मात्र याच्याही पुढच्या टप्प्यावर नीट मिळते. कार्यक्रम देशभर वाढू लागले तेव्हा मोठी रुग्णालये सहज जुळणाऱ्या जोड्या स्वतःच्याच घरात उरकून फक्त अवघड रुग्ण सामाईक यादीत पाठवू लागली. त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण आपल्या रुग्णाची खात्री त्यांना आधी हवी होती. पण त्यामुळे सामाईक यादी अवघड रुग्णांनीच भरून गेली. येथे औषध चुकलेले नाही आणि गणितही चुकलेले नाही, तर नियम चुकला आहे. सोप्या जोड्या पाठवणाऱ्या रुग्णालयाला त्याचे श्रेय पुढच्या जुळणीत मिळावे, असे उपाय इताई अश्लागी आणि रॉथ यांनी सुचवले. येथे खेळणारे बदलले आहेत. आरंभी ती कुटुंबे होती, आता रुग्णालये आहेत, आणि हे ओळखणे हेच गेम थिअरीच्या अभ्यासकाचे काम आहे.

प्रश्न : दूरसंचार लहरींचे लिलाव हेही याच शास्त्रात येतात का?

उत्तर : येतात. तेथे पैसा वर्ज्य नाही, एवढाच मोठा फरक. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९४ साली ज्या पद्धतीने लिलाव सुरू केले, तिचा आराखडा करण्यात पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांचा मोठा वाटा होता. अनेक परवाने एकाच वेळी, अनेक फेऱ्यांत लिलावाला ठेवायचे, म्हणजे एकमेकांना पूरक परवाने घेणाऱ्याला भाव पाहत निर्णय बदलता येतो, ही त्यामागील कल्पना. दोघांना २०२० साली नोबेल मिळाले. विल्सन हे मिलग्रॉम यांचे आणि रॉथ यांचेही डॉक्टरेटचे मार्गदर्शक होते. गुरूला दोन्ही शिष्यांच्या आधी नव्हे, तर एका शिष्यानंतर आठ वर्षांनी आणि दुसऱ्याच्या बरोबरीने हा मान मिळाला.

प्रश्न : या सगळ्यात अपयश कोठेच दिसत नाही. रॉथ यांच्या सूचना कोठे फसल्या का? आणि या पद्धतींवर आक्षेप घेतले गेले नाहीत का?

उत्तर : आक्षेप घेतले गेले आणि ते न्यायालयापर्यंत गेले. मध्यवर्ती जुळणीमुळे निवासी डॉक्टरांना वेतनाची घासाघीस करता येत नाही, सबब ही यंत्रणा स्पर्धाविरोधी आहे, असा दावा २००२ साली दाखल झाला. २००४ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून या यंत्रणेला संरक्षण दिले आणि दावा फेटाळला गेला. वेतन कमी असण्याला जुळणीची पद्धत कितपत जबाबदार आहे हा वाद खरोखरीचा होता. तो पुराव्याने निकाली निघण्याआधी कायद्याने मिटवला गेला, हे मला फारसे समाधानकारक वाटत नाही.

अपयशाचे ठळक उदाहरण अमेरिकेच्या संघीय न्यायाधीशांचे आहे. त्यांच्या हाताखाली वर्षभर काम करणारे विधी सहायक कायद्याच्या महाविद्यालयांतून निवडले जातात आणि तेथेही डॉक्टरांसारखीच घाई माजली होती. विद्यार्थ्याचे निम्मे शिक्षण बाकी असतानाच नेमणुका होत. रॉथ यांनी ख्रिस्तोफर एव्हरी, ख्रिस्तीन जोल्स आणि न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांच्यासह २००१ साली या बाजाराचा सविस्तर अभ्यास केला. त्यानंतर न्यायाधीशांनी ठराविक तारखेपूर्वी नेमणूक न करण्याचे ठरवले, परंतु तारीख पाळण्याची सक्ती करणारा कोणी नव्हता. काही न्यायाधीश आधी मुलाखती घेऊ लागले, मग त्यांचे शेजारी, आणि २०१३ साली ती योजनाच बंद झाली.

पोटविकारतज्ज्ञांच्या प्रशिक्षणाच्या जागांबाबत मात्र हाच रोग बरा झाला. तेथील जुळणी १९९० च्या दशकात कोसळली होती. म्युरियल नीदर्ले आणि रॉथ यांनी एक छोटा नियम सुचवला : जुळणीपूर्वी घाईने स्वीकारलेली जागा सोडून उमेदवाराला मध्यवर्ती जुळणीत भाग घेता येईल. शब्द मोडता येतो म्हटल्यावर घाईने शब्द घेण्यात रुग्णालयांना काही अर्थ उरला नाही आणि २००६ पासून जुळणी पुन्हा चालू झाली. न्यायाधीशांच्या बाबतीत हाच नियम कागदावर लिहिता आला असता, पण ज्याच्या शिफारशीवर पुढची सारी कारकीर्द उभी राहायची, त्या न्यायाधीशाला दिलेला होकार मागे घेण्याचे धाडस कायद्याचा कोणता विद्यार्थी करील?